पहिला ईसीजी नॉर्मल आला, म्हणजे हार्ट अटॅक नाही असं धरायचं का?

अजिबात नाही. माझ्या काकांना दादरला पुलाचा जिना चढताना छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं. घाम इतका, की बनियन पिळून निघेल. घरात सगळ्यांचं एकच, "वडापाव बाधला, सोडा घ्या." पहिल्या ईसीजीत काहीच नव्हतं. नशीब, डॉक्टरांनी सोडलं नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन नावाचं प्रथिन वाढतं, पण ते दिसायला काही तास जातात. म्हणून रक्त नि ईसीजी दोन्ही पुन्हा करतात. दुसऱ्या खेपेला ट्रोपोनिन चढलेलं निघालं.

मधुमेह असेल तर कधी छाती दुखतही नाही. नुसता दम, मळमळ, नाहीतर जबडा दुखतो. बायकांचंही बरेचदा असंच (आणि त्या सांगत नाहीत, ते वेगळंच).

पहिल्या काही तासांत ठोक्यांची लय बिघडून हृदय बंद पडू शकतं, म्हणून मॉनिटर लावतात. पुढच्या दिवसांत आडवं झाल्यावर दम लागला किंवा बीपी कोसळलं, तर टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात: पंप किती कमजोर झालाय, झडप गळतेय का, ते त्यात दिसतं.

आणि हो, स्वतः स्कूटर काढून किंवा लोकलने जाऊ नका. 108 लावा.