अंगठ्यावर भांडू नका ताई, ‘न कळवता’वर भांडा

मे संपला की वकील म्हणून माझ्याकडे हीच पत्रं यायला लागतात. फिरायला गेलो, कुत्रं स्वस्तात कुणाकडं तरी ठेवलं, आल्यावर भानगड झाली. यंदा कुत्री आहेत, दोन मांजरं आहेत, एकाचा पोपट पण आहे. पोपटवाल्यांनी तर तक्रारीचं नावच काढू नये, आपला देशी पोपट घरात पाळणंच वन्यजीव कायद्यात बसत नाही, कोर्टात आधी तुम्हालाच विचारतील.

बाकीच्यांचा प्रश्न थोड्याफार फरकानं एकच आहे म्हणून जुळे सोलापुरातल्या एका ताईंचं पत्र घेतो. त्यांचा बंड्या, वय 4. 26 एप्रिलला विजापूर रोडच्या एका माणसाकडे ठेवला, दिवसाला 250 रुपये, कारण दुसरीकडे 600-700 सांगत होते. 1000 ॲडव्हान्स, 5 मेला परत न्यायचा. तिकडे कन्याकुमारीत सासूबाई पाय घसरून पडल्या, मुक्काम वाढला. 13 मेला ताई सोलापुरात उतरल्या तर बंड्या आदल्या दिवशीच मोहोळ तालुक्यातल्या एका वस्तीवर देऊन टाकलेला. तो माणूस म्हणतो, व्हॉट्सॲपवर नियम पाठवले होते, 7 नंबरला लिहिलंय, 5 दिवसात नेला नाही तर आम्ही दुसऱ्याला देणार, तुम्ही अंगठा पाठवलाय. वर धमकी, तुम्ही कुत्रं सोडून दिलं म्हणून तुमच्यावरच केस टाकतो. ताईंचा प्रश्न असा, की अंगठ्याची खूण म्हणजे सही थोडीच असते, हे सिद्ध करून करार रद्द करता येईल का?

ओ ताई, करार रद्द करून तुम्हाला करायचंय काय?

तुम्ही पत्रात 7 नंबरचा नियम तुमच्या शब्दात लिहिलाय आणि सोबत स्क्रीनशॉट जोडलाय. तो स्क्रीनशॉट तुम्ही स्वतः वाचलेला नाही हे मी पैजेवर सांगतो. त्यात असं आहे: ‘ठरलेल्या तारखेनंतर 5 दिवसात मालकाने न कळवता पेट नेला नाही तर सोडून दिला असे समजून दुसऱ्या घरी देण्यात येईल.’ न कळवता. हा शब्द त्यानं कुठून तरी कॉपी करताना आला असेल किंवा खरंच विचार करून घातला असेल, मला त्याच्याशी देणंघेणं नाही, पण तुमचं सगळं प्रकरण त्या एका शब्दावर उभं आहे. कारण तुम्ही कळवलंय. 6 मेला रात्री व्हॉइस नोट पाठवली, सासूबाई पडल्यात, आठवडाभर लागेल. आणि 8 मेला त्याचं उत्तर आलंय, ‘ठीक ताई काळजी करू नका, जास्तीच्या दिवसांचे 300 नी लावतो.’ म्हणजे 10 मेची मुदत संपायच्या आधी त्यानं स्वतः मुदत वाढवली, वर रेट पण वाढवला. आता तो 7 नंबर दाखवतोय आणि तुम्ही म्हणताय तो नियम मला लागूच नाही. अहो तो नियम तुमच्या बाजूचा आहे! अंगठा नाकारलात तर स्वतःचाच पुरावा स्वतः फेकून देताय.

तसं पण अंगठ्यावर जिंकणं अवघड आहे. आपल्या 1872 च्या करार कायद्यात सही लागतेच असं नाही, अटी कळल्यावर तुम्ही पैसे दिले, कुत्रं नेऊन सोडलं, ही वागणूकच मान्यता धरली जाते. कॅनडात तर 2023 मध्ये एका शेतकऱ्यानं जवसाच्या सौद्याला अंगठा पाठवला म्हणून कोर्टानं करार झाला असं धरून त्याच्याकडून नुकसानभरपाई घेतली. तिकडचा निकाल इथं बांधील नाही, पण सोलापुरात वेगळं काही होईल या भरवशावर राहू नका.

आता ज्या गोष्टीवर मला खरंच राग आला ती. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये वरच्या बाजूला बारीक अक्षरात दिसतंय की या चॅटमध्ये मेसेज 90 दिवसांनी गायब होतात. सेटिंग कुणी लावलं, तुम्ही की त्यानं, तुम्हाला माहीत नाही. पण हिशोब करा. नियमांचा मेसेज 25 एप्रिलचा, तो 24 जुलैला उडाला. त्याचा स्क्रीनशॉट राहिलाय तो फक्त तुम्ही तेव्हा मिस्टरांना पाठवला होता म्हणून. तुमचं पत्र मला मिळालं 27 जुलैला. व्हॉइस नोट 4 ऑगस्टला जाणार आणि त्याचं ‘ठीक ताई’ 6 ऑगस्टला. म्हणजे अडीच महिने तुम्ही नातेवाइकांना विचारत बसलात, चौकीत चकरा मारल्या, शेजारच्या काकांनी सांगितलं म्हणून कुठल्या संघटनेला अर्ज दिला आणि जो एक पुरावा आहे तो रोज संपत चाललाय हे कुणी बघितलंच नाही. ग्राहक तक्रारीला कायद्यात 2 वर्षं आहेत हे खरं, पण तुमच्या चॅटला 90 दिवसच होते.

म्हणून त्याच रात्री फोन करून मी त्यांच्याकडून आधी हे करून घेतलं, उत्तर लिहायला नंतर बसलो. बाकीच्यांनी पण हेच करा. दुसऱ्या फोननं व्हिडिओ काढायचा, त्यात आधी समोरच्याचा नंबर उघडून दाखवायचा, मग चॅट सावकाश वरपासून खालपर्यंत सरकवायची, तारखा दिसल्या पाहिजेत, व्हॉइस नोट पूर्ण वाजवायची. ताईंच्या व्हॉइस नोटशेजारचा छोटा माईक निळा झालेला आहे. निळा माईक म्हणजे समोरच्यानं ती नोट ऐकलीये. ‘मला मेसेज मिळालाच नाही’ हे त्याचं पुढचं वाक्य असणार, त्याला उत्तर तो माईक. आणि हा फोन आता एक्स्चेंजमध्ये देऊ नका, मुलाला गेम खेळायला देऊ नका, फॉरमॅट तर अजिबात नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम 63 प्रमाणे असल्या पुराव्यासोबत ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, एक भाग तुम्ही भरायचा आणि एक तज्ज्ञानं. ग्राहक आयोग पुराव्याच्या बाबतीत कोर्टाइतकं काटेकोर नसतं, पण समोरचा वकील हरकत घेणारच, तेव्हा मूळ फोन हातात असलेला बरा.

हे झालं की बाकीचं सोपं आहे. सोपं म्हणजे कागदावर.

सांभाळायला दिलेल्या वस्तूला कायद्यात निक्षेप म्हणतात. बंड्याला वस्तू म्हटलं म्हणून रागावू नका, कायदा अजून तिथंच आहे. ज्यानं ठेवून घेतलं त्यानं ती स्वतःची असल्यासारखी सांभाळायची आणि मुदत संपली की परत द्यायची. तुमची मुदत त्यानंच वाढवली होती, मग 12 तारखेला परस्पर दिलं कसं, एवढाच प्रश्न. त्याचं दुसरं म्हणणं की पैसे बाकी होते. ठीक, मूळचे 1250 आणि वाढीव दिवसांचे त्याच्या रेटनं जे होतील ते बाकी आहेत, मान्य करा. पण बाकीपोटी वस्तू अडवून ठेवायचा हक्क करार कायद्याच्या कलम 170 मध्ये ज्यानं त्या वस्तूवर कष्ट किंवा कसब लावलं त्याला आहे, नुसतं खायला घालून बांधून ठेवणं त्यात बसेल असं मला वाटत नाही. आणि बसलं तरी तो हक्क अडवून ठेवायचा आहे, देऊन टाकायचा नाही.

‘सोडून दिलं’ची धमकी विसरा. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या 1960 च्या कायद्यात विनाकारण प्राणी असा टाकून देणं गुन्हा आहे की त्याची अन्नपाण्यावाचून उपासमार होईल. तुम्ही पैसे भरून ठेवला, उशीर होतोय म्हणून कळवलं. शिवाय त्या कलमाचा पहिल्या गुन्ह्याचा दंड बघा, 10 ते 50 रुपये. तो आकडा अजून तसाच आहे, आपल्या प्राणीप्रेमाची सरकारी किंमत म्हणायची. पोलिसांत तुम्ही विश्वासघाताची तक्रार देऊ शकता पण ते दिवाणी आहे म्हणून परत पाठवतील अशी शक्यता जास्त, त्यात आणखी दोन महिने घालवू नका.

नोटीस पाठवा, स्पीड पोस्टानं आणि व्हॉट्सॲपवर पण, 15 दिवसांची. त्यात बाकी रक्कम द्यायला तयार आहे असं स्पष्ट लिहा, किंवा हक्क राखून यूपीआयनं पाठवूनच टाका, म्हणजे त्याला ती पळवाट राहत नाही. मग सोलापूर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. तुम्ही इथंच राहता तेव्हा इथंच चालते. फी तुम्ही सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही, 5 लाखापर्यंत शून्य. तुम्ही 5 लाख भरपाई मागायची म्हणताय, मागा, मिळतील किती ते मी सांगणार नाही, कुठल्याच वकिलानं सांगू नये.

फक्त एक जपा. तक्रारीत ‘करार अन्याय्य आहे’ असा मथळा देऊ नका. 2019 च्या ग्राहक कायद्यात अन्याय्य कराराची तक्रार राज्य आयोगाकडं जाते, जिल्ह्याकडं नाही, समोरचा हाच मुद्दा काढून पहिलं वर्ष घालवेल. सेवेतील त्रुटी एवढंच धरा. वाढीव मुदत कबूल करून कुत्रं परस्पर दिलं ही त्रुटी, संपलं. नियम 11 मध्ये त्यानं ‘सर्व जबाबदारी मालकाची’ असं पण लिहिलंय, त्यावर वाद होऊ शकतो, पण ते कुत्रं आजारी पडलं तर वगैरे कामाचं, देऊन टाकण्याला ते पांघरूण पुरेल असं मला तरी दिसत नाही.

वेळ? कायद्यात 3 महिने लिहिलंय. लिहिलंय. समोरच्याला म्हणणं द्यायला 30 दिवस, फार तर अजून 15, यावर सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं 2020 मध्येच शिक्कामोर्तब केलंय, त्यापुढं एक दिवस नाही. तेवढं एक पाळलं जातं, बाकी तारखा कशा पडतात ते मी सांगायला नको. आणि पैसे मिळणं वेगळं, बंड्या मिळणं वेगळं. मोहोळचा माणूस तुम्हाला सेवा देत नव्हता त्यामुळं आयोग त्याला हुकूम देईलच अशी खात्री नाही. त्याच्याकडून परत घ्यायचा तर दिवाणी कोर्टात स्पेसिफिक रिलीफ ॲक्टखाली दावा लावावा लागेल. ज्याचं नव्हतं त्यानं दिलं म्हणून तो मालक होत नाही, कायद्यानं बाजू भक्कम आहे, पण कुत्र्याचं आयुष्य 12-13 वर्षं आणि दिवाणी दाव्याचं… जाऊ दे.

म्हणून दाव्याच्या आधी मोहोळला जाऊन या. ही गोष्ट वकिलाच्या तोंडून विचित्र वाटेल. त्या माणसानं कुत्रं चोरलेलं नाही, त्याला कुणीतरी आणून दिलं, त्यानं तीन महिने भाकरी घातलीये. लसीकरणाचं पुस्तक न्या, त्यावर तुमचं नाव आहे, घरातले जुने फोटो न्या आणि तीन महिन्यांच्या खर्चाचे पैसे खिशात ठेवा. देतो म्हणाला तर लगेच साध्या कागदावर दोन ओळी लिहून घ्या, नाही म्हणाला तर वाद घालू नका, त्याचं नाव आणि पत्ता घेऊन या, नोटिशीत तो पण लागेल.

ज्यांनी मांजर शेजारच्या बाईंकडं फुकट ठेवलं होतं त्यांना एवढंच, फुकटच्या सेवेला ग्राहक कायदा नाही, करार कायदा आहे. आणि ज्यांची मांजर तिथं असताना व्याली आणि आता पिल्लांवरून भांडण चाललंय त्यांनी कलम 163 वाचा. दीडशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी उदाहरणच दिलंय, गाय सांभाळायला दिली, तिला वासरू झालं, तर गायीसोबत वासरू पण परत करायचं. उलट तुमचं कुत्रं चावरं आहे, त्याला फिट येते, हे ठेवताना लपवलंत तर चावल्याचा दवाखाना तुमच्या माथी. त्याच कायद्याच्या कलम 150 मध्ये खोडसाळ घोड्याचं उदाहरण आहे.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना, 250 वाल्याकडं ठेवायला माझी हरकत नाही, 700 प्रत्येकाला परवडत नाहीत. पण नियमांचा मेसेज आला की अंगठा टाकायच्या आधी पूर्ण वाचा, ‘उशीर झाला तर’ हे वाक्य शोधा, आणि उत्तरात लिहा की उशीर झाल्यास मी कळवेन, माझा फोन लागला नाही तर या दुसऱ्या नंबरवर विचारल्याशिवाय कुणाला देऊ नये. एका मेसेजचं काम आहे. उन्हाळ्यात जात असाल तर ठेवायची जागा दुपारी दोनला बघा, सकाळी नको, सोलापूरचं ऊन आणि पत्र्याचं शेड काय असतं ते कळेल.

आणि ताई, मोहोळला सासऱ्यांना बरोबर नेऊ नका. ते तापट आहेत असं तुम्हीच लिहिलंय.