एफ.वाय.बी.ए. मराठी : वर्गात न बोलणाऱ्यांचे इंटर्नलचे गुण जातात का?

तू लिहून विचारलेले प्रश्न तीन आहेत. वर्गात बोलायला भीती वाटते, तर इंटर्नलचे गुण कापतील का? सत्रान्त परीक्षेला गाईडवर भागेल का? आणि असाइनमेंटवर मॅडमनी 'हा नुसता भावार्थ झाला' असा शेरा मारला, तर त्यांना हवंय तरी काय? मी बरीच वर्षं पहिल्या वर्षाला मराठी शिकवलंय. तिसरं उत्तर कळलं की पहिली दोन आपोआप सुटतात.

आधी हिशेब. नव्या शैक्षणिक धोरणाची रचना महाराष्ट्रात विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे १०० गुण आणि साधारण ६० तास शिकवणी. सत्रान्त लेखी आणि अंतर्गत (म्हणजे इंटर्नल) गुणांची कुठे ६०-४० विभागणी आहे, कुठे ७०-३०. अंतर्गत भागात चाचणी, असाइनमेंट, सादरीकरण आणि काही ठिकाणी वर्गातला सहभाग. अंतर्गत आणि लेखी, दोन्हीत वेगळं पास व्हावं लागतं का, हे तुझ्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात बघून घे. तो पीडीएफ वेबसाइटवर असतो आणि मुलं तो उघडतच नाहीत. ७५ टक्के उपस्थितीचा नियम मात्र गुणांपेक्षा वेगळा. डिफॉल्टर लिस्टमध्ये, म्हणजे उपस्थिती कमी भरलेल्यांच्या यादीत, नाव लागू देऊ नकोस.

आता तो शेरा. केशवसुतांची १८९३ सालची 'तुतारी' घेऊ. 'कवी जुन्या रूढींविरुद्ध बंड पुकारतो आणि समाजाला जागं करतो' हे वाक्य निम्म्या पेपरांत असतं. चूक नाही, पण ते कविता न वाचताही लिहिता येतं. आता पहिली ओळ बघ : 'एक तुतारी द्या मज आणुनि'. म्हणजे तुतारी त्याच्या हातात नाहीच! तो कुणाकडे तरी मागतोय. कुणाकडे? आणि तोच माणूस पुढे 'जाळुनि किंवा पुरुनि टाका', 'सावध! ऐका पुढल्या हाका!' असे हुकूम सोडतो. मागणाऱ्याचा आवाज हुकूम देणारा कसा होत गेला, एवढ्यावर तू पानभर लिहिलंस तर तपासणाऱ्याला कळतं की ही मुलगी कवितेपर्यंत पोचली. मॅडमना हे हवंय. आधी तुझं म्हणणं, मग ते कुठल्या ओळीवरून म्हणतेस ते, आणि त्या ओळीतून ते कसं निघतं ते. तिसरा भाग सगळे गाळतात आणि गुण तिथेच असतात.

सहभागाचंही हेच. धडाधड बोलणारा मुलगा दर तासाला 'लेखकाला असं म्हणायचंय' म्हणून पाच मिनिटं घेतो, पण पुस्तक उघडलेलं नसतं. त्यापेक्षा 'मॅडम, पान अमुक, तिसरी ओळ, इथे ही बाई अचानक गप्प का होते?' एवढंच विचारणारी मुलगी मला जास्त सहभागी वाटायची. उत्तर माहीत असायची गरज नाही. तासाआधी पाठ्यांश वाच, न पटलेल्या किंवा न कळलेल्या एका जागेवर पेन्सिलीने खूण कर, आणि तेवढंच विचार. वर्गात नाहीच जमलं तर तास संपल्यावर टेबलापाशी जा, किंवा वहीत लिहून दाखव. आणि मॅडमना स्पष्ट सांग, 'मला चारचौघांत बोलायला जड जातं.' सांगितलंस तर बहुतेक शिक्षक दुसरी वाट काढून देतात, न सांगता गप्प बसलीस तर त्यांना वाटतं तू वाचून आलीच नाहीस.

'माझी बोली गावाकडची आहे, मुलं हसतात' असंही तू लिहिलंयस. ते वाचून वाईट वाटलं. ग्रामीण कथेतला संवाद मोठ्याने वाचायची वेळ आली की वर्गात तुझ्याइतका नेमका सूर कुणालाच लागणार नाही. कुठला शब्द रागाचा आणि कुठला लाडाचा, हे कोशात सापडत नाही, ते तुला माहीत आहे. तू वाच आणि तो फरक वर्गाला समजावून सांग. सादरीकरणासाठी हा विषय मागून घे. पेपर मात्र प्रमाण भाषेत लिही, अवतरणात बोली जशीच्या तशी ठेव.

गाईड पासिंगपुरतं चालतं. पण एका गठ्ठ्यात तोच परिच्छेद पुन्हा पुन्हा आला की तपासणारा सरसकट मधले गुण देत जातो. नेटवरून उचललेल्या असाइनमेंटचंही तेच होतं. सत्रान्त परीक्षेत पुस्तक जवळ नसतं, म्हणून प्रत्येक कवितेच्या दोन-तीन अशा ओळी पाठ कर ज्यांच्यावर तुला स्वतःला काही म्हणायचंय. कथेसाठी एखादा प्रसंग बारकाव्यांसह लक्षात ठेव. दीर्घोत्तरी प्रश्नात सुरुवातीला कवीचं चरित्र लिहीत बसू नकोस, विचारलंय तिथूनच सुरू कर.

चाचणीचा तपासलेला पेपर मागून बघ. या वेळची असाइनमेंट नव्याने लिहून दाखवली तर मॅडम पुन्हा वाचतील का, हेही विचार. गुण वाढले नाहीत तरी शेरे मिळतील, आणि सत्रान्त परीक्षेआधी तेच हाताशी हवेत.