बोलकी बाहुली शिकायची म्हणतोस?

बाबू, रामदास पाध्यांचा अर्धवटराव पाहून थेट महागडी लाकडी बाहुली घेऊ नको. जुन्या मोज्याला दोन बटणं शिव, झाले डोळे.

रोज पंधरा मिनिटं आरशासमोर बसून ओठ न हलवता बोल. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात. तिथं त, द, न जिभेनं काढ. ‘बाबा’चं ‘दादा’ होईल, होऊ दे.

नवखे चुकतात ते इथं:
- शब्द निघताना बाहुलीचं तोंड मिटवतात. उघडायचं असते!
- ती बोलताना लोकांकडे पाहतात. तू तिच्याकडे पाहा, पोट्टे आपोआप तिकडंच पाहतील.

पहिला कार्यक्रम तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोट्ट्यांच्या लाकडी बैलांच्या सणाला कर, पाचच मिनिटं. मी माझा वीस मिनिटं ताणला. पोट्टे लाकडी बैल ओढत बोजारा (घरोघरी मिळणारे पैसे, खाऊ) मागायला निघून गेले. दोन बाहुल्या एकदम बोलवायचं पुढच्या वर्षी पाहू.