दहावीच्या निरोप समारंभाला १८० मुलांचा एकच ग्रुप फोटो काढायचाय, कसा काढू?

प्रश्न विचारणारे सर स्वतः शिक्षक आहेत, शाळेत कॅमेरा हाताळता येणारे ते एकटेच म्हणून तिन्ही तुकड्यांचा एकत्र फोटो त्यांच्या गळ्यात पडलाय. साधा डीएसएलआर, १८-५५ ची लेन्स, मुलं १८० आणि शिक्षक वीसेक. विचारलंय, सेटिंग काय ठेवू.

सर, सेटिंग पुढे सांगतो, चार वाक्यांचं काम आहे ते. माझा सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावाला स्टुडिओ आहे, आधी वडील बघायचे, आता बावीस वर्षं मी बघतोय, आणि जानेवारी-फेब्रुवारीत आमच्याकडे आठवड्याला तीन-चार सेंड ऑफ असतातच. तर एवढ्या वर्षांत जे कळलं ते असं की हा फोटो फोटो म्हणून कुणी बघतच नाही, हातात पडला की प्रत्येक पोरगं आधी स्वतःला शोधतं, मग आणखी एखादा चेहरा शोधतं (कोणाचा ते विचारू नये), आणि कपाटात ठेवून देतं. म्हणून मी त्याला ग्रुप फोटो धरतच नाही, एका कागदावर काढलेले दोनशे पासपोर्ट फोटो धरतो. एक जरी खांद्याआड गेला तरी त्या घरापुरता तो फोटो वाया गेला.

आधी जागेचा हिशोब करा, कागद-पेन घेऊन, आदल्या दिवशी. माणूस सरळ उभा राहिला तर साधारण दीड फूट जागा खातो, जरा तिरका उभा केला तर त्याहून कमी. दोनशे जण सहा रांगांत म्हणजे रांगेला तेहतीस-चौतीस, म्हणजे रुंदी झाली साधारण १५ मीटर. आता तुमच्या कॅमेऱ्याला लेन्सची झूमची रिंग २४ च्या आकड्यावर ठेवली की जेवढे मीटर तुम्ही मागे जाल साधारण तेवढेच मीटर रुंद चित्र बसतं, हा हिशोब तोंडपाठ ठेवा, फार उपयोगी आहे. म्हणजे १५ मीटरच्या रांगेला कडेची थोडी मोकळी जागा धरून तुम्हाला १६-१७ मीटर मागे जायला पाहिजे. शाळेच्या अंगणात तेवढं मागे जाता येतं का ते पावलं टाकून मोजा. येत नसेल तर लेन्स १८ वर फिरवून भागवायचा मोह होईल, पण शक्यतो नको, कारण कडेची पोरं आडवी ताणली जातात, आणि कडेला कायम एखादी आधीच वजनाच्या काळजीतली मुलगी उभी असते, ती तुम्हाला आयुष्यभर माफ करत नाही. त्यापेक्षा रांगा वाढवा, रुंदी कमी करा.

रांगांसाठी मैदानाच्या कडेला पायऱ्या असतील तर अर्धं काम झालं. नसतील तर आपली नेहमीची पद्धत, पुढे सतरंजीवर बसलेले, मग खुर्च्या, मग खाली उभे, मग बाकांवर उभे, पण यात चारच रांगा होतात आणि दोनशे माणसाला त्या पुरत नाहीत. बाकावर टेबल, टेबलावर बाक असले उद्योग कृपा करून करू नका. साध्या बाकाचीही एक खोड असते, त्याचे पाय टोकापासून वीतभर आत असतात, सगळे उभे असतात तोवर काही होत नाही, पण फोटो झाला रे झाला की मधली पोरं धडाधड उड्या मारतात आणि टोकाला उभा असलेला एकटा राहतो, मग बाक त्याच्या बाजूने उलटतो. माझ्यासमोर झालंय हे, मुलीच्या कपाळाला तीन टाके पडले आणि सेंड ऑफचं जेवण सोडून सगळे दवाखान्यात. तेव्हापासून मी फोटोच्या आधीच सांगून ठेवतो, "मी म्हणल्याशिवाय कोणी उतरायचं नाही, आणि उतरताना टोकाचे पहिले."

पण तुमच्या शाळेला पहिला मजला असेल आणि पुढे गॅलरी असेल तर हे काहीच करू नका! पोरं खाली अंगणात सपाट जमिनीवर उभी करा, थोडी दाटीवाटीने, आणि तुम्ही वरून काढा. सगळे मान वर करून बघतात त्यामुळे कोणी कोणाच्या आड जात नाही, तोंडावर उजेड पडतो, गळ्याखालच्या सावल्या जातात, बाकं वाहायची नाहीत. फक्त गॅलरीच्या अगदी खाली उभं करू नका, दहा-बारा मीटर पुढे, नाहीतर नुसते भांग दिसतात.

उंचीने लावायचं काम तुम्ही अंगावर घेऊ नका, पीटीच्या सरांना द्या. त्यांची एक शिट्टी आणि आपली अर्ध्या तासाची बडबड सारखीच. एक लक्षात ठेवा, सेंड ऑफला मुली साडीत असतात आणि निम्म्या पहिल्यांदाच नेसलेल्या, त्यांना खाली सतरंजीवर बसवलं की उठताना निऱ्या सुटतात, आणि बाकावर चढवायच्या तर पायात मोठ्या बहिणीच्या हिल्स. त्यांना खुर्च्यांवर आणि जमिनीवरच्या उभ्या रांगेत ठेवा, सतरंजी आणि बाकं पोरांना. आणि प्रत्येकाला एकच वाक्य सांगा, "तुला दोन्ही डोळ्यांनी लेन्स दिसतीय का? नसेल तर लेन्सला तू दिसत नाहीयेस." याच्यावर पोरं आपोआप सरकतात, मागचा पुढच्या दोन डोक्यांच्या मधे येतो. कडा किंचित पुढे घ्या, चंद्रकोरीसारख्या, म्हणजे टोकाच्यांचीही तोंडं तुमच्याकडे वळतात.

वेळ. समारंभाच्या आधी काढा, हेडसरांशी भांडावं लागलं तरी चालेल. कार्यक्रम अकराला सुरू होतो, पाहुणे साडेअकराला येतात, भाषणं एकपर्यंत, मग फोटो, तोवर ऊन डोक्यावर आणि मुली रडून काजळ गालावर आलेलं. सकाळी नऊला इमारतीची सावली असते तिथे सगळे उभे करा. सगळे सावलीत, किंवा सगळे उन्हात, पण निम्मे-निम्मे अजिबात नाही. झाडाखाली तर नकोच, तोंडावर उन्हाचे ठिपके पडतात ते नंतर सॉफ्टवेअरने काढणं फार कटकटीचं.

आता ते सेटिंग. एफ ८ (लेन्सचं भोक किती उघडं ते), शटर १/२०० सेकंद, आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) ४००, सावलीतल्या सकाळच्या उजेडाला एवढं साधारण जमतं, काळं वाटलं तर आयएसओ वाढवा, शटर हळू करू नका कारण दोनशेतला कोणीतरी हलतोच. एफ १६ वगैरे करायची गरज नाही, लेन्स २४ वर आणि पोरं पंधरा मीटरवर असली की एफ ८ ला पुढून मागून सगळं शार्प येतं, उलट १६ ला जरा मऊच पडतं. फोकस पुढून दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतल्या तोंडावर. कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅश बंद, अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो, पंधरा मीटरवर त्याचं काही पोचत नाही. ट्रायपॉड पाहिजेच, नसेल तर शेजारच्या गावातल्या कोणाकडून तरी मागून आणा. का ते सांगतो.

डोळे मिटणं. माणूस मिनिटाला दहा वेळा पापणी मिटतो आणि दर वेळी पाव सेकंद डोळा बंद असतो असं धरलं, तर तुमच्या १८० मुलांत कुठल्याही क्षणी सात-आठ जणांचे डोळे बंदच असणार. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ म्हणून सरकारी संशोधन संस्था आहे, तिथल्या दोघांनी याचं रीतसर गणित मांडलं होतं आणि २००६ साली त्यांना गणिताचं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं गमतीदार बक्षीस) मिळालं. वीस माणसांपर्यंतचा ग्रुप असेल तर चांगल्या उजेडात माणसांच्या एक-तृतीयांश आणि कमी उजेडात निम्मे फोटो काढा, त्यात एक तरी सगळ्यांचे डोळे उघडे असलेला निघतो. पन्नासच्या पुढे मात्र आशा सोडा, असं त्यांचंच म्हणणं. वडिलांकडे यशिका होता, दोन लेन्सवाला, वरून खाली बघायचा, त्यात चित्र डावं-उजवं उलटं दिसायचं, एका रोलमधे बारा फोटो आणि त्यातले तीन एका वर्गाला, मिटला डोळा तर मिटला. आपल्याला आता तसं नाही, ट्रायपॉडवर कॅमेरा न हलवता पंधरा फोटो काढा आणि सगळ्यात चांगल्या फोटोवर बाकीच्यातले उघडे डोळे फोटोशॉपमधे आणून बसवा. यात काही लबाडी नाही, डोळे त्यांचेच आहेत. आणि "तीन म्हणेपर्यंत सगळे डोळे मिटा, तीन म्हणलं की उघडा" हे केलंत तर बसवायचे डोळे कमी लागतात.

"चीज" म्हणायला लावू नका. मी "गणपती बाप्पा" म्हणतो, "मोरया" आला की सगळ्यांची तोंडं आ वासलेली, तेव्हा नाही काढायचा, त्यानंतर सेकंदभराने पोरं स्वतःच्याच आवाजाला हसतात, तो काढायचा.

मोबाईलच्या पॅनोरमात काढू नका, कितीही जण म्हणाले तरी. पूर्वी परदेशात फिरता कॅमेरा असायचा, लांबच लांब पट्टीवर अख्खी शाळा यायची, आणि कॅमेरा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाईपर्यंत एखादं वांड कार्टं मागून पळत जाऊन दुसऱ्या टोकालाही उभं राहायचं, फोटोत दोनदा! मोबाईलचंही तसंच आहे, वर मधेच कोणाची मान हलली तर अर्धं डोकं गायब.

उलट्या बाजूचा माझा एक किस्सा आहे, सांगायला बरं वाटत नाही पण सांगतो. २०११ च्या आसपास, एका शाळेत ४७ पोरांचा वर्ग. एक मुलगा सकाळपासून शिपाईमामांबरोबर बाकं उचलत होता, स्वतःहून, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, पाठीला बाकाची धूळ. सगळे उभे राहिले आणि ऐन वेळी एक बाई वाढल्या, खुर्ची कमी पडली, मीच त्याला म्हणालो, पळ रे, ऑफिसातून एक घेऊन ये. तेवढ्यात कोणीतरी शेजारच्या बाईंना सरकवून जागा केली, हेडसर म्हणाले चला आटपा, पाहुणे आले, आणि मी काढले की हो फोटो. पोरं पांगली, बटाटेवड्याच्या ताटांकडे गेली, आणि हा लोखंडी खुर्ची डोक्यावर घेऊन व्हरांड्यातून येतोय. मी बघितलं. परत सगळ्यांना बोलवावं एवढं माझ्या तोंडातून निघालं नाही, तोही काही बोलला नाही, खुर्ची भिंतीला लावून गेला.

खाली नावं छापायची असतात, "उभे, डावीकडून" वगैरे, ती शाळेने हजेरीपटावरून दिली होती. त्यामुळे फोटोत नाव होतं, तोंड नव्हतं. महिन्याभराने त्याची आई स्टुडिओत आली, फोटो काउंटरवर ठेवला आणि विचारलं, "भाऊ, यातला आमचा कुठला?" घरी भिंगातून बघून आल्या होत्या.

तेव्हापासून मी मोजतो. प्रत्येक रांगेच्या टोकाच्या पोराला आपली रांग मोजून आकडा ओरडायला लावतो, बेरीज करतो आणि त्या दिवशीच्या हजेरीशी जुळवतो. नाही जुळली तर पाहुणे थांबतील. दोनशे माणसाला चार-पाच मिनिटं जातात, हेडसर वैतागतात, वैतागू देत. हेडसरांना यायला उशीर असेल तर त्यांची खुर्ची मधोमध रिकामी ठेवून बाकी सगळं लावून घ्या. आणि नावांची यादी हजेरीपटावरून कधीच नाही, रांग उभी असतानाच मोबाईलवर एकेकाला नाव बोलायला लावून रेकॉर्ड करा.

अजून एक, एवढा मोठा फोटो ८ बाय १२ च्या कागदावर छापला तर एकेकाचं तोंड तीन मिलिमीटर येतं, मुगाच्या दाण्यापेक्षा लहान. म्हणून एकत्र काढाच, पण तुकडीवार पण तीन वेगळे काढा, आणि पोरांना वाटायला तुकडीचा द्या, मोठा १२ बाय १८ करून शाळेत लावा.

राहता राहिलं तुमचं. वीस शिक्षक म्हणालात त्यात तुम्ही स्वतःला धरलंय का? खुर्च्या लावताना तुमची पण लावा, त्यावर रुमाल टाकून ठेवा म्हणजे कोणी बसणार नाही. दहा-बारा फोटो स्वतः काढा, कॅमेरा जागचा हलवू नका, फोकस मॅन्युअलवर टाकून लॉक करा, मग शिपाईमामांना बटण दाखवा आणि जाऊन बसा. मामांनी मग पाच वेळा दाबलं तरी पुरे. त्यांचा वेगळा एक पोरांबरोबर काढा, ते नको म्हणतील, तरी काढा.