म्युटंट प्रोटीनचा वरचा बँडच येत नाही. प्रोटीन तुटतंय की अडकलंय, हे कसं ओळखायचं?

तुमची माहिती थोडक्यात अशी: पुण्यात एमएस्सीचा प्रोजेक्ट, एचईके २९३ पेशी (माणसाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या), रोगाशी संबंधित म्युटेशन असलेलं मेम्ब्रेन प्रोटीन. सिक्वेन्सवरून वजन ४५ किलोडाल्टन. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (जेलवर वजनानुसार वेगळी झालेली प्रोटीन अँटीबॉडीने दाखवणारी चाचणी) वाइल्ड टाइपला, म्हणजे म्युटेशन नसलेल्या प्रोटीनला, ५५ वर रेखीव आणि ७० वर पसरट बँड, म्युटंटला फक्त ५५. गाईडच्या मते प्रोटीन तुटतंय.

५५ चा बँड ४५ च्या वर आहे, त्यामुळे तो तुकडा असेल असं वाटत नाही. एन-ग्लायकनची (प्रोटीनला चिकटणाऱ्या साखरेची) एक साखळी साधारण २ ते ३ किलोडाल्टन वजन वाढवते. ५५ म्हणजे ईआरमधली (जिथे प्रोटीन घडतं) मॅनोजवाली साखर आणि ७० म्हणजे पुढच्या टप्प्यात, गॉल्जीत, पक्की झालेली साखर, असा माझा अंदाज. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये सीएफटीआर या प्रोटीनच्या एफ५०८डेल म्युटेशनचं हेच होतं: खालचा बी बँड दिसतो, वरचा सी जवळपास नसतो.

आधी फुकटातली तपासणी करा. सिक्वेन्समध्ये एन-एक्स-एस किंवा एन-एक्स-टी, म्हणजे एन-ग्लायकन चिकटण्याची जागा, शोधा (एन, एस, टी ही अमिनो आम्लं; एक्स म्हणजे प्रोलिन सोडून काहीही). म्युटेशननेच अशी जागा मोडली असेल, तर बँड थोडा खाली येण्याचं कारण तेवढंच असू शकतं.

मग एकाच लायसेटचे (फोडलेल्या पेशींच्या द्रावणाचे) तीन भाग करा: एन्झाइमविना, एन्डो एच (फक्त मॅनोजवाली साखर कापतं), पीएनजीएझ एफ (पक्की झालेली एन-ग्लायकनही कापतं). प्रत्येकात १० ते २० मायक्रोग्रॅम प्रोटीन, प्रोटीन उलगडायला ०.५ टक्के एसडीएस (डिटर्जंट) आणि ४० मिलिमोलर डीटीटी, एकूण १० मायक्रोलिटर. किटच्या कागदावर १०० अंशांवर १० मिनिटं असतं, पण मेम्ब्रेन प्रोटीन उकळलं की गोळा होऊन जेलच्या विहिरीतच बसतं. त्यापेक्षा ५० अंशांवर २० मिनिटं करून बघा.

पीएनजीएझच्या नळीत १०X फॉस्फेट बफर (पीएच ७.५) २ मायक्रोलिटर, १० टक्के एनपी-४० (सौम्य डिटर्जंट) २ मायक्रोलिटर, एन्झाइम १ आणि पाणी ५. एनपी-४० विसरलात तर एसडीएस पीएनजीएझला मारतं, काहीच कापलं जात नाही आणि तुम्ही ‘साखर नाही’ असं लिहून मोकळे होता. फसलेल्या ब्लॉटांमागे पुष्कळदा हेच असतं, नाहीतर लीम्ली बफरमध्ये (जेलवर चढवण्याआधीचं द्रावण) घालून ठेवलेलं जुनं सॅम्पल. त्यात एसडीएस फारच जास्त असतं. एन्डो एचला एनपी-४० लागत नाही, पण बफर पीएच ६ चा हवा. ३७ अंशांवर एक तास पुरतो. एन्झाइमविना नळीलाही तेच बफर, तेच तापमान, तोच वेळ. शेजारी आरएनेझ बी लावा, हे एन-ग्लायकन असलेलं ओळखीचं प्रोटीन. जेल कूमासीने (सगळी प्रोटीन दाखवणारा रंग) रंगवल्यावर त्याचा बँड १७ वरून १४ च्या आसपास उतरला तरच तुमचा पीएनजीएझ जिवंत आहे. त्याच जेलवर ३६ ला दिसणारा बँड पीएनजीएझचा स्वतःचा.

पुण्यातल्या एप्रिल-मेमध्ये एन्झाइम सोमवारी मागवा, पार्सल शनिवार-रविवार गोदामात पडून राहायला नको.

पीएनजीएझने दोन्ही बँड ४५ ला उतरले पाहिजेत. एन्डो एचने ५५ उतरला आणि ७० जागेवर राहिला, तर ७० वाला गॉल्जी पार करून गेलाय आणि म्युटंट ईआरमध्येच आहे. पीएनजीएझनंतरही पसरटपणा उरला तर ओ-ग्लायकनचा (वेगळ्या प्रकारे जोडलेल्या साखरेचा) संशय घ्या. त्यासाठी सगळं कापणारं एकच एन्झाइम नाही. आधी सायलिडेझ, मग ओ-ग्लायकोसिडेझ, तेही फक्त कोअर १ आणि ३ या प्रकारांच्या ओ-ग्लायकनसाठी.

गाईडचं म्हणणं मात्र यातून खोटं ठरत नाही. ईआरमध्ये अडकलेलं प्रोटीन पुढे प्रोटिअसोमकडे (पेशीतलं प्रोटीन तोडणारं यंत्र) जाऊ शकतं. सायक्लोहेक्झिमाइड (नवं प्रोटीन बनणं थांबवणारं) देऊन ०, २, ४, ८ तासांचे सॅम्पल घ्या, आणि वेगळ्या प्लेटला १० मायक्रोमोलर एमजी १३२ (प्रोटिअसोम थांबवणारं) सहा तास. एमजीच्या लेनमध्ये ४५ ला नवा बँड उगवला तर चकित होऊ नका: ईआरमधून बाहेर ओढलेल्या प्रोटीनची साखर सायटोसोलमधलं एनजीएलवाय १ हे एन्झाइम काढून टाकतं. त्या बँडवर पीएनजीएझचा परिणाम झाला नाही, तर तो गाईडच्या बाजूचा पुरावा.