सिंहगड चढताना धाप का लागते

पहिल्याच रविवारी पायथ्यापासून सुसाट सुटलास आणि अर्ध्या वाटेत दगडावर फतकल मारलीस. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आम्हीही तेच केलंय. दोष फुफ्फुसांचा नव्हता, घाईचा होता.

एक लक्षात घे, ऊर्जा श्वासात नसते, ती सकाळी खाल्लेल्या पोह्यांत असते. पोह्यांचं ग्लुकोज होऊन ते रक्तातून मांडीच्या स्नायूंत पोचतं. तिथे पेशींतल्या तंतुकणिका (पेशीतल्या ऊर्जेच्या छोट्या भट्ट्या) ऑक्सिजन वापरून त्यातून एटीपी, म्हणजे पेशीला थेट वापरता येणारं इंधन, बनवतात आणि स्नायू हलतो तो या एटीपीवर. असं रीतसर झालं तर ग्लुकोजच्या एका रेणूमागे साधारण ३० एटीपी मिळतात. एकदम वेग घेतलास की ही भट्टी मागणीला पुरत नाही. मग पेशी ऑक्सिजनविना काम भागवते, पण त्या वाटेने पदरात पडतात फक्त २. मांड्या भरून येतात त्या तेव्हा. (सोमवारी जिना उतरताना पाय बोंबलतात, त्याचं खापर मात्र या ऑक्सिजनविना वाटेत तयार होणाऱ्या लॅक्टिक आम्लावर फोडू नकोस, ते तास-दोन तासांत निघून जातं.)

धाप लागली की हपापल्यासारखी हवा ओढू नकोस. सोडलेल्या हवेतही सुमारे १६ टक्के ऑक्सिजन उरलेला असतो. श्वासाची घाई करायला लावतो तो मुख्यतः साचलेला कार्बन डायऑक्साइड. म्हणून उच्छ्वास सावकाश, पूर्ण सोड.

पुढच्या खेपेला पहिली वीस मिनिटं शेजाऱ्याशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने चढ. छातीत दुखलं किंवा गरगरलं तर तिथेच थांब आणि डॉक्टरांना दाखव. पिठलं-भाकरी वर गेल्यावर.