दोन ३०९० साठी पीएसयू: वॅटचं नंतर बघू, आधी त्या जुन्या वायरी काढ

तुझा प्रश्न काल रात्री वाचला, लगेच लिहायला घेतलं आणि मोबाईल हातात धरूनच झोपलो, त्यामुळे आत्ता ऑफिसच्या बसमध्ये लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घे.

तुझी केस मला समजली ती अशी. सेकंडहँड दोन आरटीएक्स ३०९० ग्राफिक्स कार्डं, दोन्हीला तीन-तीन आठ पिनचे सॉकेट, रायझन ५९५०एक्स प्रोसेसर, ८५० वॅटचा मॉड्युलर पीएसयू (म्हणजे पीसीला वीज देणारा डबा, ज्याच्या वायरी सुट्या निघतात). गेम एका कार्डावर व्यवस्थित चालतो, पण ब्लेंडरमध्ये (थ्रीडीच्या सॉफ्टवेअरमध्ये) दोन्ही कार्डं लावून रेंडर टाकला की पाच-दहा मिनिटांत पीसी खटकन बंद आणि मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय परत उठत नाही. आणि विचारतोयस की १००० पुरेल का, १२०० घेऊ की सरळ १६००. हे तुला दहा जण सांगतील. मला खडबडून जागं केलं ते तुझ्या शेवटच्या ओळीने, "त्याच कंपनीचा मोठा घेतोय म्हणजे जुन्या वायरी तशाच राहू देतो, केबल मॅनेजमेंट परत करायचा कंटाळा आलाय."

नको रे बाबा. हेच केलं होतं मी. अगदी हेच, याच कंटाळ्यापायी.

२०१८ सालची गोष्ट. दोन जीटीएक्स १०८० टीआय कार्डं, ८७००के प्रोसेसर, आणि ७५० वॅटचा पीएसयू. कागदावर २५० अधिक २५० अधिक सीपीयूचे दीडशे, म्हणजे ७५० पुरायला हवा होता, पण दोन्ही कार्डं ओव्हरक्लॉक केलेली (ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवलेली) आणि पीएसयू चार वर्षं घासलेला, त्यामुळे तुझ्यासारखाच खटकन बंद व्हायचा. मग १००० वॅटचा घेतला, त्याच कंपनीचा, फक्त वरची सिरीज. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला वायरी इतक्या सुंदर बांधल्या होत्या (तीन तास आणि झिप टायचं अख्खं पाकीट गेलं होतं त्यात) की उपसायचं जिवावर आलं. तरी अगदीच मूर्ख नव्हतो, कस्टमर केअरला फोन केला होता, की तुमच्याच जुन्या मॉडेलच्या केबल नव्या मॉडेलला चालतील का. पलीकडचा गृहस्थ एक क्षणही न थांबता म्हणाला, "हो सर, आपल्या सगळ्या मॉड्युलर केबल युनिव्हर्सल असतात." हे वाक्य मला झोपेतसुद्धा पाठ आहे.

मदरबोर्डची चोवीस पिनची केबल नवी टाकली, सीपीयूची नवी, दोन कार्डांना वीज देणाऱ्या चार पीसीआयई केबल लागणार होत्या म्हणून त्याही नव्या. फक्त साटाची, म्हणजे डिस्कना वीज देणारी, जी मागून तीन ड्राइव्हना फिरवून बांधलेली होती, ती जुनी ठेवली आणि तिचं पीएसयूकडचं टोक नव्या पीएसयूत खोचलं. टक् करून बसलं. सहा पिनचा सॉकेट, तोच आकार, तीच खाच, जोर सुद्धा लावावा लागला नाही. बटण दाबलं, पंखे फिरले, आणि दोन सेकंदांत मागून बारीक "चिर्र" असा आवाज आणि जळक्या प्लॅस्टिकचा तो वास, ज्याने घेतलाय तो जन्मात विसरत नाही. बोर्डावरून स्विच बंद करेपर्यंत एक एसएसडी आणि दोन हार्ड डिस्क गेल्या होत्या.

झालं काय होतं ते दुसऱ्या दिवशी मल्टिमीटरने बघितलं. साटाच्या प्लगात ५ व्होल्टच्या पिना वेगळ्या, १२ व्होल्टच्या वेगळ्या आणि मध्ये ग्राउंड असतं, ड्राइव्हकडची ही बाजू सगळ्या जगात सारखीच. पण पीएसयूकडच्या टोकाला कुठल्या पिनेतून काय सोडायचं याचं स्टँडर्डच नाही, जो बनवतो तो आपल्या सोयीने ठरवतो. आणि बऱ्याच कंपन्या स्वतः पीएसयू बनवतच नाहीत, एक सिरीज एका कारखान्यातून, दुसरी दुसऱ्या, वर स्टिकर आपलं. म्हणजे "तीच कंपनी" या शब्दाला वायरींच्या बाबतीत काडीचा अर्थ नाही. जुन्या केबलच्या टोकाला जिथे ५ यायला हवे तिथे माझ्या मीटरवर १२.१ दिसत होते. पूर्वी पिवळी १२ ची, लाल ५ ची, काळी ग्राउंड, हे निदान डोळ्यांना तरी दिसायचं, आता सगळ्या वायरी काळ्या चपट्या, काय कळणार कपाळ.

आणि मोठ्या पीएसयूचा एक तोटा इथे नडतो. सिंगल रेलचा, म्हणजे सगळी ताकद एकाच लाइनवर सोडणारा, हजार वॅटचा पीएसयू १२ व्होल्टवर ८३ अँपिअर द्यायला तयार बसलेला असतो, त्याच्यापुढे हार्ड डिस्कच्या बोर्डावरचा तांदळाच्या दाण्याएवढा, जास्त व्होल्टेजपासून वाचवणारा डायोड म्हणजे कुठल्या झाडाचा पाला. पीएसयूला शॉर्ट झाल्याचं जाणवून तो ट्रिप होईपर्यंत डायोडचा कोळसा.

यापुढचा भाग निव्वळ चरफडण्याचा आहे, घाईत असशील तर सोडून दे. सर्व्हिस सेंटरला पीएसयू नेला, त्यांनी पेपरक्लिप लावून पंखा फिरवून दाखवला आणि कागदावर लिहून दिलं, दोष आढळला नाही. बरोबरच आहे, पीएसयूत दोष नव्हताच! मी म्हटलं तुमच्याच माणसाने फोनवर सांगितलं, तर म्हणे कॉल रेकॉर्ड मिळत नाही, आणि मॅन्युअलच्या अमुक पानावर लिहिलंय की सोबतच्याच केबल वापरा. लिहिलंय खरं, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. हार्ड डिस्कवाल्यांकडे गेलो तर काउंटरवरच्या मुलीने डिस्क उलटी केली, डायोडवरचा काळा ठिपका बघितला आणि "बर्न आहे, वॉरंटी नाही" म्हणून तीस सेकंदांत परत दिली. तीन हेलपाटे, दोन हाफ डे. तेव्हापासून कुठल्याही कस्टमर केअरला मी फोन करत नाही, मेलच करतो, उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजतो.

दोनपैकी एका डिस्कवर माझ्या भाचीच्या बारशाचं शूटिंग होतं आणि एका क्लायंटचं अर्धं झालेलं काम. डेटा रिकव्हरीच्या एका चकचकीत ऑफिसने पस्तीस हजार सांगितले. शेवटी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका कारागिराने बोर्ड उघडला, भिंगातून बघितलं, ५ व्होल्टच्या लाइनवरचा तो शॉर्ट झालेला डायोड हॉट एअरने उचलून बाजूला ठेवला, डिस्क लावली आणि ती फिरली. पंधराशे रुपये. म्हणाला आता हिला संरक्षण उरलं नाही, घरी जा, सगळं कॉपी करा आणि डिस्क टाकून द्या. दुसऱ्या डिस्कचा बोर्डच गेला होता आणि एसएसडी तर एसएसडीच, तिच्यात वाचवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. (हे वाचून स्वतः डायोड काढायला बसू नकोस, माझं नशीब होतं, प्रत्येक वेळी डायोडच जातो असं नाही.)

असो. आता तुझ्या मूळ प्रश्नावर.

कार्डाचे ३५० दोनदा, ५९५०एक्स स्टॉकवर १४२ पर्यंत खेचतो, बाकी बोर्ड, रॅम, पंखे, ड्राइव्ह मिळून शंभर धर, म्हणजे साडेनऊशेच्या आसपास. ८५० बंद पडणारच, त्यात पीएसयूची काही चूक नाही, उलट चांगला आहे बिचारा, स्वतःला वाचवतोय. त्यावर ३०९० ही बदनाम आहे ती क्षणिक उड्यांसाठी, ३५० चं कार्ड मिलिसेकंदापुरतं पाचशेच्या वर उडी मारतं. म्हणूनच २०२२ च्या एटीएक्स ३.० या पीएसयूच्या स्टँडर्डमध्ये पीएसयूने १०० मायक्रोसेकंद दुप्पट लोड सोसावा असं घातलंय. तेव्हा माझं मत, १२०० वॅट, एटीएक्स ३.० किंवा ३.१, विषय संपला. १००० घेऊ नकोस. १६०० मिळत असेल सवलतीत तर घे, पण त्या साइझच्या बऱ्याच पीएसयूंची भिंतीकडची वायर वेगळी, जाड पिनांची येते, ती हरवली की रात्री अकराला कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही.

वॅटपेक्षा आधी सॉकेट मोज. तुला सहा आठ-पिन प्लग लागणार, आणि तुझ्या फोटोत मला एकाच वायरीला दोन तोंडं असलेल्या केबल दिसतायत. एका आठ-पिनचे १५० वॅट, दोन तोंडांचे ३००, म्हणजे २५ अँपिअर, ते तीन वायरींतून, प्रत्येकीत आठच्या वर. जळेलच असं मी म्हणत नाही, बरेच लोक चालवतात, पण पीएसयूकडचा प्लग हात लावून बघ रेंडर चालू असताना. माझ्या घरी मी लावणार नाही. प्रत्येक कार्डाला निदान दोन स्वतंत्र केबल तरी हव्यातच, तीन असल्या तर उत्तम. बॉक्सवर १२०० लिहिलेलं असतं आणि आत पीसीआयईचे सॉकेट चारच निघतात, असंही होतं, म्हणून मागच्या पॅनेलचा फोटो बघूनच ऑर्डर दे.

गोल्ड-प्लॅटिनमच्या मागे लागू नकोस. ते फक्त वीज किती वाया जाते त्याचं प्रमाणपत्र आहे, आत प्रोटेक्शन कसं आहे किंवा व्होल्टेज किती स्थिर आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि कोणीतरी तुला खाली सांगितलंय की ९० टक्के एफिशियन्सी म्हणजे १००० चा ९०० च देतो, ते चूक आहे, १००० चा १००० च देतो, भिंतीतून अकराशेच्या वर ओढतो एवढंच.

तू नागपूरचा म्हणतोस म्हणून एक जास्तीचं. पीएसयूचे वॅट कुठल्या तापमानाला मोजलेत ते स्पेसिफिकेशनमध्ये असतं, कोणी ४० डिग्रीला मोजतो कोणी ५० ला. मे महिन्यात दुपारी तुमच्याकडे बाहेरच ४५, आणि खोलीत तू नुसत्या कार्डांचीच सातशे वॅटची शेगडी पेटवून बसणार. ५० वाला घे, आणि खरं सांगायचं तर रेंडर रात्री टाक.

तोपर्यंत आजच्या आज करायचं काम, आफ्टरबर्नरमध्ये (ग्राफिक्स कार्डाची सेटिंग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये) दोन्ही कार्डांची पॉवर लिमिट ८० टक्के कर. २८० वर येतील, रेंडरला थोडासाच जास्त वेळ लागेल, पण उड्याही कमी होतील आणि खोलीही जरा थंड राहील. मी तर नवा पीएसयू घेतल्यावरसुद्धा तसंच ठेवीन. पण याच्या जोरावर ८५० वरच वर्ष काढू नकोस.

जुना ६५० वॅटचा पीएसयू आणि हा ८५० चा, असे दोन जोडून चालवायची आयडिया डोक्यातून काढ. चालतं, क्रिप्टो मायनिंगवाल्यांनी चालवलंय, पण एक आधी चालू झाला आणि दुसरा नंतर, की मधल्या क्षणात काय होतं ते तुझ्या मदरबोर्डावर बघायची हौस नको.

भिंतीतला सॉकेट बघ. हजार-अकराशे वॅट म्हणजे २३० व्होल्टला पाच अँपिअरच्या आसपास, त्यात दोन मॉनिटर आणि स्पीकर, आणि हे सगळं सहा अँपिअरच्या बोर्डाला लावलेल्या स्वस्तातल्या एक्स्टेन्शनवर? सोळा अँपिअरचा पॉइंट घे इलेक्ट्रिशियनकडून, आणि अर्थिंग खरंच आहे का ते त्याच्याकडूनच तपासून घे, बऱ्याच जुन्या घरांत तिसरी पिन नुसती शोभेला असते. मी इलेक्ट्रिशियन नाही, तो जे म्हणेल ते खरं. ६०० व्हीएचा यूपीएस मात्र या पीसीला लावू नकोस, तो फक्त किंचाळेल.

आणि गेमिंगसाठी दुसरं कार्ड घेतलं असशील तर वाईट वाटून घेऊ नकोस, पण फायदा जवळपास शून्य. १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने जुन्या कार्डांसाठी नवे एसएलआय (दोन कार्डांनी मिळून एक गेम चालवायची सोय) प्रोफाइल देणं थांबवलं, आणि ३०९० ला दोन कार्डं जोडणारा पूल लावता येत असला तरी गेममध्येच तशी सोय लिहिलेली लागते, अशा गेम बोटांवर मोजण्याइतक्या. माझ्या दोन १०८० टीआयनी सुद्धा अर्ध्या गेममध्ये नुसतं बिल वाढवलं होतं. ब्लेंडरचं वेगळं, तिथे सायकल्स हे त्याचं रेंडर इंजिन दोन्ही कार्डं पुलाशिवाय मस्त वापरतं, तिथे तुझे पैसे वसूल आहेत.

नवा पीएसयू आला की जुन्या सगळ्या वायरी, सगळ्या म्हणजे सगळ्या, भिंतीकडची सोडून, बाहेर काढ आणि जुन्या पीएसयूच्या पिशवीत घालून त्यालाच बांधून ठेव. विकशील तेव्हाही सोबत दे. पहिल्यांदा चालू करताना साटाचे ड्राइव्ह काढून ठेव, नुसत्या एम.२ वर (थेट मदरबोर्डात बसणाऱ्या, वायर नसलेल्या एसएसडीवर) बूट होऊ दे, मग पीसी बंद करून एकेक लाव. त्या डिस्कवर काय आहे ते तू लिहिलं नाहीस, बॅकअप आहे का? नसेल तर पीएसयू यायच्या आधी तेच उरक.

सध्याच्या पीएसयूच्या लेबलचा आणि ज्या १२०० वर डोळा आहे त्याच्या मागच्या पॅनेलचा फोटो टाक, मग मॉडेलचं बोलू. माझा स्टॉप आला.